मुख्य रस्त्यावरचे थांबे हटवण्याबाबत

उभ्या वस्तूला हलवायला फार जोर लागतो, त्या मानाने हलत्या वस्तूला उभं करणं सोपं असतं, असा निसर्गाचा नियम आहे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत तो जरा वेगळ्या शब्दांत दिलेला असतो. पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना कधी निवडणूक लढवावी लागलेली नसते.

गावाच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मोटारी उभ्या असत आणि मधून चार नंबरची बस जात असे. मोटारी उभ्या होत्या, बस हलत होती. तेव्हा पुढे काय होणार हे नियमानेच ठरलेलं होतं. तरीही लोकशाही असल्यामुळे त्यावर चर्चा झाली.

चर्चेची धुरा परिवहन समितीच्या सभापतींकडे होती. सभापतींचं मुख्य रस्त्यावर चष्म्याचं दुकान. माणूस मनाने चांगला. दारातून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला लांबचं दिसत नाही की जवळचं, हे ते त्याच्या पायरी चढण्यावरून ओळखत. घरात त्यांना सगळे छोटू म्हणत. (वय पंचावन्न. वजन वयाच्या बरंच पुढे निघून गेलेलं.) राजकारणात ते आपण होऊन आले नव्हते. व्यापारी संघाने त्यांना उभं केलं होतं, आणि उभं केलेलं सहसा हलत नाही, हे वर आलेलंच आहे.

अडचण बेकरीच्या वळणावर होती. तिथे कुणाची ना कुणाची मोटार शेपूट बाहेर काढून उभी असायची आणि बस तिच्यासमोर येऊन थबकायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवी. मग शेजारच्या सलूनमधून मोटारीचा मालक गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून, अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर येई, गाडी हातभर मागे घेई, आणि बसमधल्या बायका खिडकीतून त्याच्याकडे बघून घेत. गावात कोण कधी दाढी करतो हे चार नंबरच्या प्रवाशांना पाठ झालेलं होतं. लोकप्रतिनिधींच्या खासगी आयुष्याबद्दल जनतेला इतकी माहिती असणं बरं नव्हे, अशी एक कुजबुज नगरपालिकेत होतीच. त्यात व्यापारी संघाचा अर्ज आला. हॉर्नमुळे गिऱ्हाईक दचकतं, बसमुळे पार्किंगला अडथळा होतो, तरी योग्य ती कारवाई व्हावी.

सभा भरली. सभापतींनी आधी पाहणी करायचं ठरवलं. या निर्णयाचं कौतुक करावं तितकं थोडं, कारण पाहणी केल्यावर निर्णय घ्यायचा ही पद्धत सगळीकडे नसते. पाहणी पथकाने मुख्य रस्त्यावरच्या मोटारी मोजल्या. दर दहा मोटारींमागे सहा त्याच रस्त्यावरच्या दुकानदारांच्या निघाल्या. गिऱ्हाइकांना गाडी लावायला जागा नाही, ही तक्रारही त्यांचीच होती. दोन नगरसेवकांच्या होत्या. एकीची चारही चाकं बसलेली होती आणि आत मांजर व्यालेलं होतं. (पिल्लं पाहणीत धरलेली नाहीत.) उरलेली एक गिऱ्हाइकाची होती, ते गिऱ्हाईक पथकाची चाहूल लागताच निघून गेलं. अहवालाचा निष्कर्ष असा होता की, ग्राहकांना जागा मिळत नाही हे सिद्ध झालं आहे. ती कोण घेतं याबाबत समितीचं एकमत होऊ शकलं नाही.

विरोधी बाकावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळं गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणे. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "रस्ता हा माणसांसाठी असतो. ज्याच्या घरी गॅरेज आहे त्याने गाडी गॅरेजमध्ये ठेवावी, एवढं साधं आहे."

"बरोबर आहे," सभापती म्हणाले. "तुमच्याकडे गॅरेज आहे ना बाई?"

"आहे."

"मग गाडी बाहेर कशी असते?"

"गॅरेजात शिकवणी चालते."

"कसली?"

"नागरिकशास्त्राची," बाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

त्यानंतर चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात झाली. मुख्याधिकारी शेवटी बोलायचे. गृहस्थ सावध. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. ते 'तपासून घेऊ' म्हणत, आणि त्यातच सगळं येई. त्यांनी निदर्शनास आणलं की बसचा एक थांबा तीन मोटारींची जागा खातो. मुख्य रस्त्यावर असे पाच थांबे आहेत. ते हटवले तर पंधरा मोटारींची सोय होते, आणि बसच्या केसालाही धक्का लागत नाही.

 हा तोडगा ऐकताच सगळ्यांनी बाकं वाजवली. बस बंद करा म्हणणारे आणि बस चालू ठेवा म्हणणारे, दोघांचंही समाधान झालं होतं. बस चालू राहणार होती. फक्त ती थांबणार नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात थांबे उखडले आणि दुपारच्या आत तिथे पंधरा मोटारी आल्या. इतके दिवस त्या कुठे होत्या हे कळायला मार्ग नाही. व्यापारी संघाने सभापतींचा सत्कार करून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं.

बसच्या कारभारात तर झपाट्याने सुधारणा झाली. चढण्या-उतरण्यात जाणारा वेळ वाचू लागला. बस वेळेवर धावू लागली. वाहक सुट्ट्या पैशांवरून कुणाशी भांडेनासा झाला. बसमधल्या गर्दीबद्दल एकही तक्रार आली नाही. थांब्यांच्या जुन्या जागी काही लोक सवयीने उभे राहत आणि बस जवळ आली की हात करत. ड्रायव्हरही सभ्य माणूस, तो उलट हात करी. पहिल्या तिमाहीच्या अहवालात या सगळ्याची नोंद घेऊन मुख्याधिकाऱ्यांनी अभिनंदन केलं. शेवटी एक ओळ होती, की सेवा उत्तम असूनही प्रवासी तिचा लाभ घेताना दिसत नाहीत.

याच सुमारास सभापतींच्या दुकानात त्यांची आत्या आली.

आत्या दुकानामागच्या गल्लीत राहायची. तिने सभापतींना लहानाचं मोठं केलं होतं. तिचे यजमान, ज्यांना सभापती पहिल्यापासून काका म्हणत, ते या दुकानाचे मूळ मालक. काचा घासायला, फ्रेमची दांडी गरम करून वाकवायला, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना श्वास धरून ठेवायला सभापतींना काकांनीच शिकवलं. वर्षापूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात होते, आणि आत्या रोज दुपारी डबा घेऊन चार नंबरने त्यांना भरवायला जायची. नर्सच्या हातून ते खात नसत. तोंड गच्च मिटून घेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्याला हात लावलेला माणूस, आपल्या चेहऱ्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नव्हता.

आत्याने डबा काउंटरवर ठेवला.

"छोटू, बस थांबत नाही रे."

"माहीत आहे आत्या. ठराव झालाय."

"कुणाचा?"

"सभेचा. म्हणजे सगळ्यांचाच."

"मला कुणी विचारलं नाही."

"तू बसने जातेस आत्या. सभेला येणारे गाडीने येतात." सभापतींनी हे अगदी प्रेमाने सांगितलं. "तू असं कर, डेपोत जाऊन बस पकड. तिथे ती थांबते. थांबावंच लागतं, तिथूनच सुटते ती."

आत्या डेपोपर्यंत चालत जाऊ लागली. डेपो घरापासून नदीच्या बरोबर उलट दिशेला होता, त्यामुळे नदीकडे जाण्यासाठी तिला आधी नदीपासून दूर जावं लागे. तिने तक्रार केली नाही. बसमध्ये आता बसायला जागा मिळते, एवढं मात्र ती म्हणाली. बसमध्ये ती आणि वाहक दोघंच असत.

पुढच्या तिमाहीत चार नंबर प्रतिसादाअभावी स्थगित करण्यात आली. 'बंद' हा शब्द कुठेही वापरला नाही, हे नगरपालिकेच्या संवेदनशीलतेचं उदाहरण म्हणून सांगता येईल. पर्यायी व्यवस्था काय, असा प्रश्न मास्तरीणबाईंनी विचारला. मुख्याधिकारी उभे राहिले आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "नागरिकांना अकरा नंबरची सेवा पूर्वीपासून उपलब्ध आहे." इतिवृत्तात ते तसंच लिहिलं गेलं. (अकरा नंबर म्हणजे माणसाचे दोन पाय, हे सभेत सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षअखेरीच्या अहवालात मात्र अकरा नंबर ही नगरपालिकेची सर्वाधिक प्रवासी वाहणारी, एकदाही बिघाड न झालेली सेवा म्हणून दाखवली गेली.)

सभापती वाईट माणूस नव्हते. आत्या पुलावरून चालत जाणार, ही कल्पना त्यांना सहन झाली नाही. ते रोज दुपारी दुकान बायकोवर सोपवून आत्याला मोटारीतून नेऊ लागले.

"अहो," बायको म्हणाली, "लोकांनी तुम्हाला सभापती केलं ना? मग दुपारचं ड्रायव्हर कुणी केलं?"

"आत्यापुरतंच आहे गं."

"बसमध्ये निदान सगळ्यांच्या आत्या जायच्या."

सभापतींनी गाडीची किल्ली उचलली. दुकानासमोरची आपली जागा आता दुसरं कुणी घेईल, या काळजीत ते होते. (घेतलीच. संध्याकाळपर्यंत परत मिळाली नाही.)

शुश्रूषागृहाची गल्ली अरुंद. पूर्वी तिथे चिटपाखरू नसायचं. पण आजाऱ्यांना भेटायला येणारी माणसं पूर्वी बसने यायची, ती आता जमेल तशी मोटारी घेऊन येऊ लागली होती, आणि दोन्ही बाजूंना सुईला जागा उरली नव्हती. सभापती आत्याला फाटकाशी उतरवत. मागून लगेच दुसरी गाडी हॉर्न देई. मग ते पुढे जात, कोपऱ्यावरच्या गोदामाला वळसा घालत, मागच्या रस्त्याने पुन्हा फाटकाशी येत, आणि जागा नसल्यामुळे पुन्हा पुढे जात. गाडी चालू ठेवली की पार्किंगचा प्रश्नच उद्भवत नाही, हे तत्त्व त्यांना या काळात उमगलं, आणि समितीपुढे केव्हातरी मांडायचं म्हणून त्यांनी ते लक्षात ठेवलं.

"आज वर येशील?" आत्या रोज विचारायची.

"गाडी कुठे लावू?"

"पाच मिनिटं रे. विचारतात तुला."

"उद्या बघतो आत्या. उद्या जरा लवकर निघू."

दुसऱ्या दिवशी ते लवकर निघत. जागा अडवणारे त्याहून लवकर निघालेले असत.

काकांची खोली दुसऱ्या मजल्यावर, गल्लीच्या बाजूला होती. एक दिवस परतीच्या वाटेवर आत्या म्हणाली, "आज पूर्ण डबा संपवला. तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे? मी तर खालीच होतो."

"पलंग खिडकीशी ओढून घेतलाय. तुझी गाडी खालून गेली की मी म्हणते, बघा, छोटू चालला. मग हे तोंड उघडतात. एका फेरीला एक घास."

 दुसऱ्या दिवसापासून सभापती गोदामाचा वळसा जरा जपून आणि जरा जलद घेऊ लागले. घास चावायला काकांना वेळ लागतो म्हणून फार जलद नाही, आणि जेवण निवेल म्हणून फार सावकाशही नाही. समोरून ट्रक आला आणि अडकले की ते घड्याळ बघत. वर काका तोंड मिटून खिडकीकडे बघत बसले असतील. अशा वेळी सभापती हॉर्न वाजवत. पुष्कळ वाजवत. गोदामातले हमाल कानात बोटं घालून बाहेर येत आणि म्हणत की या माणसाला कसली एवढी घाई आहे.

हे कितीतरी दिवस सुरळीत चाललं. मग एका दुपारी ते फेरी मारत असताना आत्याचा फोन आला.

"वर ये."

"काय झालं?"

"खात नाहीत. गाडी दाखवली तरी नाही. मान फिरवतात. ये तू."

सभापतींनी फाटकासमोर, भर रस्त्यात, मोटार थांबवली. लुकलुकणारे दिवे लावले आणि ते जिना चढून वर गेले. मागे हॉर्न सुरू झाले होते. गेल्या कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदाच या जिन्यावर आले होते.

काका उशीला टेकून बसले होते. चेहरा ओघळलेला. चष्मा मात्र सरळ, आत्याने रोज पुसून घातलेला. सभापती स्टुलावर बसले. काय बोलावं हे त्यांना सुचेना, सभापती झाल्यापासून अशी वेळ त्यांच्यावर प्रथमच आली. काकांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला, तो हवेत जरा हेलपाटला, आणि त्यांनी सभापतींचा चष्मा नाकावर घसरला होता तो दोन बोटांनी वर सरकवून सरळ केला.

"दुकानात?" काकांनी विचारलं. शब्द अर्धवट येत होते.

"बायको आहे."

"गिऱ्हाईक?"

"येतं काका. आता समोर गाडी लावायला जागा केली आहे."

काकांनी मान हलवली. धंद्याची गोष्ट त्यांना पटली असावी. मग ते म्हणाले, "तू... कुठे होतास?"

"खालीच होतो काका."

"इतके दिवस?"

"गाडी लावायला जागा नव्हती."

हे वाक्य सभापतींनी सभेत शेकडो वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी ते त्यांना सबळ कारण वाटलं होतं. काकांनी ते ऐकून घेतलं. रागावले नाहीत. समजलंही नसेल कदाचित. त्यांनी तोंड उघडलं. आत्याने डबा सभापतींच्या हातात दिला आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. सभापतींनी घास भरवला. नाकावर चष्मा बसवताना धरावा तसा त्यांनी श्वास धरून ठेवला.

डबा संपवून दोघं खाली आली तेव्हा मोटार नव्हती.

इथे थोडं मागे जायला हवं. रस्ता अडवणारी वाहनं उचलून नेण्यासाठी नगरपालिकेने एक पथक स्थापन केलं होतं आणि त्याची फीत सभापतींनीच कापली होती. पथक मुख्य रस्त्यावर काम करत नसे. तिथे दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या असल्यामुळे पथकाचा ट्रक आत शिरत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. त्यामुळे ते नदीपलीकडे काम करत आणि तिथे त्यांची कामगिरी वाखाणण्यासारखी होती.

तेव्हा सभापती आणि आत्या अकरा नंबरने घरी निघाले.

ऊन होतं. पुलावर सावली नाही आणि पदपथावर मोटारी, म्हणून दोघं रस्त्याच्या कडेने चालत होती. मागून गाडी आली की सभापती आत्याचा दंड धरत. पुलाच्या मध्यावर आत्या कठड्याला टेकली. तिला दम लागला होता.

"तू रोज डेपोपर्यंत अशी चालायचीस?" सभापतींनी विचारलं.

"तिथे सावली होती." तिने पदराने मान पुसली. "हा पूल एवढा लांब आहे हे बसमधून कधी कळलंच नाही बघ."

"बोलली का नाहीस मग?"

"बोलले की. तुझ्या दुकानात येऊन बोलले. तू म्हणालास ठराव झालाय." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "मला वाटलं, ठराव म्हणजे काहीतरी असणार. तू उगीच नाही करायचास."

सभापतींना कुणी आजवर इतकं टाकून बोललं नव्हतं, आणि ती तर टाकून बोलतही नव्हती.

चार नंबर पूर्ववत सुरू करावी, थांब्यांसह, असा प्रस्ताव त्यांनी त्याच आठवड्यात मांडला. व्यापारी संघाला घाम फुटला. मुख्याधिकारी तपासून घेऊ म्हणाले. शेवटी जनसुनावणी घ्यायचं ठरलं. सभागृह खचाखच भरलं. पुष्कळांना उशीर झाला, कारण बाहेर गाडी लावायला जागा नव्हती.

सभापती उभे राहिले. त्यांनी भाषण केलं नाही. काकांची गोष्ट सांगितली, फेऱ्यांची, घासांची, पुलाची. आपला थांब्यांचा ठराव चुकला, असं ते सरळ म्हणाले.  बेकरीवाल्याने डोळे पुसले. सलूनवाल्याला हुंदका आला. मास्तरीणबाई म्हणाल्या की हा धडा त्या आपल्या शिकवणीत शिकवतील.

मग बेकरीवाला उठला. "बस हवीच," तो म्हणाला. "माझी आई बसनेच जायची. फक्त माझ्या दुकानासमोरून नको, तिथे वळण आहे."

"वळण रुंद आहे," सभापती म्हणाले. "तिथे गाड्या असतात म्हणून ते अरुंद होतं."

"मी तेच म्हणतोय. तिथे गाड्या असतात."

सलूनवाल्याचाही बसला मनापासून पाठिंबा होता. त्याची फक्त थांब्याला हरकत होती. मास्तरीणबाईंची थांब्याला हरकत नव्हती, तो गॅरेजसमोर नसला म्हणजे झालं. एकेक जण उठत गेला. बसच्या विरोधात एकही माणूस बोलला नाही, हे आवर्जून नमूद केलं पाहिजे. आपली गाडी काढायला कोण तयार आहे, असं सभापतींनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मागच्यांनी भिंतीकडे पाहिलं.

सभापतींनी मग स्वतःचा हात वर केला. माझी गाडी मी उद्यापासून काढतो, म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. (दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खरोखरच काढली. तिथे बेकरीवाल्याच्या मेव्हण्याने आपली लावली.)

लोकभावनेचा आदर करून चार नंबर पुन्हा सुरू करण्याचा ठराव एकमताने संमत झाला. उभ्या वाहनांना उपद्रव होणार नाही असा मार्ग शोधावा, एवढी एक उपसूचना होती. मुख्याधिकाऱ्यांनी तपासून घेतलं. सगळ्या गावात असा एकच रस्ता निघाला: गावाबाहेरचा नवा वळणरस्ता, जिथे अजून घरं नाहीत. बस आता तिथून धावते. थांबे प्रशस्त आहेत. रंगही छान दिला आहे.

आत्याचा प्रश्नही मार्गी लागला. शुश्रूषागृह चालवणाऱ्या बाईंनी काकांच्या पलंगाशेजारी तिच्यासाठी खाट टाकून दिली. ती आपलं घर बंद करून, दोन पिशव्या घेऊन तिथे राहायला गेली. नगरपालिकेच्या दप्तरी एका ज्येष्ठ महिला प्रवाशाची गैरसोय कायमची दूर झाली, अशी नोंद आहे. सभापतींनी तिच्या घराला कुलूप लावलं तेव्हा गल्लीत उभ्या असलेल्या दोन मोटारींच्या मधून त्यांना आडवं होऊन बाहेर पडावं लागलं. ते थोडा वेळ मधेच अडकले होते. तेवढ्या वेळात त्यांनी रडून घेतलं असं बायको म्हणते, पण ते सभापतींनी कधी मान्य केलेलं नाही.

दुपारी ते अजूनही नदीपलीकडे जातात. त्या दुपारनंतर काका पुन्हा खिडकीतून गाडी बघून तोंड उघडू लागले; फेऱ्या चालूच आहेत, कारण घास चालू आहेत. मधल्या काळात नगरपालिकेने त्या गल्लीतल्या वाहतुकीची गणना केली. गणना करणाऱ्याने दुपारच्या वेळी फाटकासमोरून जाणारी प्रत्येक गाडी इमानेइतबारे मोजली. एकाच रंगाच्या मोटारी त्या भागात फार लोकप्रिय आहेत, असा शेरा त्याने मारला आहे. वाढती वर्दळ लक्षात घेऊन चार मजली वाहनतळ मंजूर झाला. जागेचाही प्रश्न आला नाही. बस आता वळणरस्त्यावरूनच सुटत असल्यामुळे तिचा डेपो रिकामाच होता. (तो नदीच्या उलट दिशेला आहे, एवढंच.)

वाहनतळाबद्दल हरकती मागवल्या होत्या. त्या नोंदवायला कचेरीत स्वतः यायचं होतं. पुष्कळांनी येतो म्हणून सांगितलं. कचेरीजवळ गाडी लावायला जागा मिळाली नाही, असं त्यांनी नंतर कळवलं.

वाचकहो, आपल्यालाही आत्याबद्दल हळहळ वाटली असेल. वाटायलाच हवी, सभागृहातही सगळ्यांना वाटली होती. मनात आणलंत तर उठून खिडकीशी जा आणि आपली गाडी आत्ता जिथे उभी आहे तिथे पूर्वी काय होतं, ते जरा आठवून बघा. आठवलं नाही तरी हरकत नाही. परत येऊन बसा. गाडी मात्र तिथेच राहू द्या. आपण हलवलीत, तर दुसरा कुणीतरी लावेल.